जाहिरात, करोडपती आणि क्रिकेट: वर्गात यांतलं गणित नेमकं कुठे शोधायचं?

प्रश्न एका माध्यमिक शिक्षिकेचा आहे. आठवी-नववीच्या वर्गात त्यांनी जाहिराती, क्विझचे तुकडे, क्रिकेटचे आलेख दाखवून पाहिले. मुलं खूश होतात, गप्पा रंगतात, पण तास संपल्यावर वहीत काही उरत नाही. त्या विचारतात: हे सगळं गणिताशी खरोखर जोडायचं कसं आणि उदाहरणं निवडायची कशी?

मी बरीच वर्षं माध्यमिक वर्गांना गणित शिकवलं, आता शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतो. उदाहरण निवडताना मी एकच कसोटी लावतो: हिशेब केल्यावर मुलाचं मत बदलतं का? बदलत असेल तर ते उदाहरण वर्गात न्या. आधी आणि नंतर मत तेच राहणार असेल, तर टीव्ही तिथे फक्त सजावटीला आलेला असतो. क्रिकेटपटूचं नाव घालून दिलेलं सरासरीचं उदाहरण मुलांना पाठ्यपुस्तकातल्यासारखंच वाटतं, आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून माझी पद्धत अशी: आधी हात वर करून मत घ्यायचं, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, मग वह्या उघडायच्या. मत आधी नोंदवलेलं असलं की हिशेबाला धार येते. तुमच्या वर्गात बहुधा हीच पायरी राहून जाते आहे.

सर्वांत जास्त वेळ ज्याला द्यावा असं उदाहरण म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'. ३ जुलै २००० ला सुरू झालेल्या पहिल्या पर्वात पंधरा प्रश्न होते. बक्षिसाची शिडी हजारापासून सुरू होऊन पुढे दहा हजार, वीस, चाळीस, ऐंशी हजार, १.६ लाख, ३.२ लाख, ६.४ लाख, १२.५ लाख, २५ लाख, ५० लाख आणि एक कोटी अशी चढत जायची. दहा हजार आणि ३.२ लाख हे पडाव. पडाव ओलांडल्यावर उत्तर चुकलं तरी तेवढी रक्कम हातात राहते. नियम घरात सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे वर्गात समजावण्यात वेळ जात नाही.

प्रश्न असा ठेवा. हातात ५० लाख आहेत, समोर एक कोटीचा प्रश्न. चारांतले दोन पर्याय बाद झालेत आणि उरलेल्या दोनांत तुम्हाला काहीही सुचत नाही. उत्तर द्याल की खेळ सोडाल? बहुतेक वर्ग 'सोडू' म्हणतो. आता शंभर स्पर्धक अगदी याच जागी आहेत आणि सगळे डोळे मिटून उत्तर देतात असं समजा. साधारण पन्नास जणांना एक कोटी मिळतील, पन्नास जण ३.२ लाखांवर येतील. लाखांत बेरीज ५,००० अधिक १६०, म्हणजे ५,१६०. माणशी ५१.६ लाख. सोडून जाणाऱ्याला ५० लाख. म्हणजे सरासरीच्या भाषेत अंदाज लावणारा किंचित पुढे आहे! इथे वर्गात आवाज वाढतो आणि तो वाढू द्यावा. 'अपेक्षित मूल्य' हे नाव नंतर द्या, शंभर स्पर्धकांची कल्पना आधी.

पुढचा प्रश्न: किमान किती खात्री असेल तर उत्तर देणं फायद्याचं? हातातली रक्कम क, पडाव प आणि बरोबर आल्यावर मिळणारी रक्कम ब असेल, तर उंबरठा निघतो (क − प) ÷ (ब − प). मुलांकडून प्रत्येक पायरीसाठी हा काढून घ्या. ३.२ लाख हातात असताना ६.४ लाखांच्या प्रश्नाला उंबरठा शून्य आहे, कारण चुकलं तरी काहीच जात नाही. तिथे खेळ सोडण्यात अर्थच नाही. पुढच्या पायरीला साधारण ३४ टक्के, मग ४३, मग ४७ आणि कोटीच्या प्रश्नाला ४८ टक्क्यांच्या थोडं वर. आकडे फळ्यावर एकाखाली एक आले की कोणीतरी विचारतंच: हे पन्नासपर्यंत का जात नाहीत? रक्कम दुप्पट होत असेल तर ब च्या जागी २क लिहा. छेद २क − प, त्याचा निम्मा क − (प ÷ २). अंश क − प. अंश नेहमीच निम्म्याहून लहान, म्हणून उंबरठा पन्नासच्या जवळ सरकतो पण तिथे कधी पोचत नाही. नववीच्या बीजगणितात असमानतेला इतकं जिवंत कारण क्वचितच मिळतं. एखादं चौकस मूल दाखवून देईल की ६.४ ची दुप्पट १२.८ होते, १२.५ नव्हे. ते आनंदाने मान्य करा आणि त्या पायरीचा उंबरठा नेमका काढायला सांगा. आणखी एखादं म्हणेल की मधल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर पुढच्या प्रश्नाची संधीही मिळते, ती आपण धरलेली नाही. अगदी खरं आहे. त्यामुळे मधल्या पायऱ्यांचा खरा उंबरठा या आकड्यांपेक्षा खालीच असणार. शेवटच्या प्रश्नाला मात्र हिशेब तंतोतंत लागू पडतो. मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी २००० सालीच पहिल्यांदा एक कोटी जिंकले, तेव्हा त्यांच्यासमोर हाच ४८ टक्क्यांचा उंबरठा होता.

नंतरच्या काही पर्वांत एक कोटीच्या पुढे थेट सात कोटींचा प्रश्न आला आणि चुकलं तर परत ३.२ लाख. इथला उंबरठा काढा: ९६.८ ÷ ६९६.८, म्हणजे जेमतेम १४ टक्के. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते. शंभर जणांची सरासरी काढली तर माणशी १७७ लाखांच्या वर. तरीही त्या जागी पोचलेला माणूस एक कोटी घेऊन निघतो आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. का? कारण सरासरी शंभर जणांची आहे आणि तो एकदाच खेळणार आहे. पहिल्या कोटीने घर होतं, कर्ज फिटतं. पुढच्या सहा कोटींनी आयुष्य सहापट बदलत नाही. डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्ये नेमका हा विचार मांडला होता. मुलांना तो त्यांच्या शब्दांत सुचतो, तेव्हा बर्नुलीचं नाव सांगा. गणिताने दिलेलं उत्तर आणि शहाण्या माणसाचा निर्णय वेगळे का पडले, ही चर्चा गणिताच्या तासालाच व्हायला हवी. ती दुसऱ्या कुठल्याच तासाला होत नाही.

जाहिरातींकडे वळताना सुरुवात '९९.९ टक्के जंतू नष्ट' या दाव्याने करा. मुलांचं पहिलं मत असतं की जवळजवळ सगळे गेले. दहा लाख जंतू धरा. ०.१ टक्के उरले म्हणजे हजार. भरपूर अन्न आणि ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. हजाराचे दोन हजार, चार हजार... दहा वेळा दुप्पट झाले की १,०२४ पट. म्हणजे दोनशे मिनिटांत, सव्वातीन तासांच्या थोडं पुढे, पुन्हा दहा लाख. आठवीचा घातांकांचा धडा इथे एका झटक्यात उभा राहतो. मग पुढचं विचारा: ९९.९ आणि ९९.९९ यांत फरक किती? मुलं 'नगण्य' म्हणतात. उरलेले जंतू मोजले तर हजार आणि शंभर, फरक दहापट. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी: कोरड्या तळहातावर जिवाणूंना इतकं अनुकूल वातावरण नसतं, त्यामुळे तीन तासांत हात पूर्ववत होतात असा निष्कर्ष काढू नका. आणि हात धुणं महत्त्वाचंच आहे. आपण तपासतो आहोत तो फक्त टक्केवारीचा भास.

जाहिरातीत दुसरी जागा म्हणजे 'दुप्पट', 'तिप्पट', 'तीस टक्के अधिक'. इथे वर्गाने एकच प्रश्न विचारायला शिकायचं: कशाच्या तुलनेत? पेयात मिसळायची पावडर मुलांना 'दुप्पट' वाढवते, ती कोणाच्या तुलनेत. किती मुलांवर, किती महिने पाहिलं? पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत उत्तराचा तुकडा असतो. मोबाइलवर जाहिरात थांबवून तो वाचायला लावा. 'प्रयोगशाळेतील चाचणीवर आधारित', 'केवळ सर्जनशील मांडणी' अशी वाक्यं सापडतात आणि मुलांचा चेहरा बदलतो. दावा आक्षेपार्ह वाटला तर अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या १९८५ पासून काम करणाऱ्या स्वनियमन संस्थेकडे कोणीही ग्राहक तक्रार करू शकतो. तक्रारीचा मसुदा वर्गाने मिळून लिहावा. प्रत्यक्ष पाठवली नाही तरी चालेल, पण आकड्यांवरचा आक्षेप नेमक्या शब्दांत लिहिणं ही मोठी कसरत आहे.

सवलतींबद्दल थोडक्यात, कारण आठवीच्या 'सूट व कमिशन'मध्ये तुम्ही ते घेतच असाल. '५० टक्के आणि वर २० टक्के' म्हणजे साठ, सत्तर नव्हे. '२५ टक्के जास्त' आणि '२५ टक्के सूट' या सारख्या वाटणाऱ्या गोष्टींत दुसरी ग्राहकाच्या फायद्याची, कारण २५ टक्के जास्त माल म्हणजे प्रतिग्रॅम किंमत फक्त २० टक्क्यांनी कमी. पुडक्यांवर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर किंमत छापावी लागते. रिकामी पुडकी आणायला सांगा आणि मोठं पुडकं नेहमी स्वस्त पडतं का, ते पाहा. पाच रुपयांच्या पुडक्यावरचं वजन आणि घरातल्या मोठ्यांना आठवणारं वजन यांची तुलनाही चांगली होते.

नववी-दहावीत 'बिनव्याजी हप्ते' जरूर घ्या. २४,००० चा फोन, महिना २,००० चे बारा हप्ते, व्याज शून्य. पण रोख घेतला तर २,००० सूट. म्हणजे फोनची खरी किंमत २२,००० आणि हप्त्यांवर दोन हजार जास्त गेले. मुलं भागाकार करून नऊ टक्के सांगतात. मग विचारा: बावीस हजार वर्षभर तुमच्याकडे उधार होते का? दर महिन्याला उधारी उतरत गेली; सरासरी काढली तर बारा हजारांच्या आसपास. त्यावर दोन हजार म्हणजे व्याज सोळा-सतरा टक्के. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. हे उदाहरण मुलं घरी नेतात आणि आईवडिलांबरोबर त्यावर बोलतात. याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

क्रिकेटमध्ये आलेखांपेक्षा नियमांतलं गणित जास्त समृद्ध आहे. २२ मार्च १९९२, सिडनी, विश्वचषकाची उपांत्य फेरी. इंग्लंडने ४५ षटकांत ६ बाद २५२ केल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या असताना पाऊस आला. बारा मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन षटकं कापली गेली होती आणि फलकावर झळकलं: एका चेंडूत २२. खरा आकडा २१ होता. तेव्हाचा नियम म्हणायचा की जितकी षटकं कमी होतील तितकी, पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटकं वगळा. दक्षिण आफ्रिकेने दोन षटकं इतकी उत्तम टाकली होती की त्यांत मिळून एकच धाव गेली. म्हणून लक्ष्य एकाच धावेने कमी झालं. चांगल्या गोलंदाजीची शिक्षा त्याच संघाला!

वर्गाला सांगा: तुम्ही नियम करा. पहिली सूचना नेहमी धावगतीची येते. २५२ ÷ ४५ म्हणजे षटकाला ५.६, ४३ षटकांना २४०.८, म्हणून लक्ष्य २४१. धावा झाल्या होत्या २३१, तर एका चेंडूत १०. पण मग पुढचा प्रश्न: वीस षटकांतच खेळायचं आणि दहा गडी हातात, अशा संघाला पन्नास षटकांच्या धावगतीने लक्ष्य देणं न्याय्य आहे का? मुलं स्वतःच म्हणतात की तो संघ बिनधास्त मारेल, लक्ष्य वाढवलं पाहिजे. इथे त्यांनी मूळ कल्पना शोधून काढलेली असते: संघाकडे दोन साधनं असतात, उरलेली षटकं आणि उरलेले गडी, आणि लक्ष्य दोन्हींवर मिळून ठरलं पाहिजे. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्लंडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांची पद्धत यावरच उभी आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यात ती पहिल्यांदा १९९७ च्या सुरुवातीला वापरली गेली, २०१४ पासून स्टीव्हन स्टर्न यांचं नाव तिला जोडलं गेलं. त्या पद्धतीने सिडनीचा हिशेब मांडला तर शेवटच्या चेंडूवर जिंकायला ५ धावा लागल्या असत्या. एकच प्रसंग, तीन नियम, तीन उत्तरं: २१, १०, ५. केरळचे अभियंते व्ही. जयदेवन यांनीही स्वतःची पद्धत बांधली आणि ती भारतातल्या काही स्पर्धांमध्ये वापरली गेली, हेही सांगा; नियम बदलता येतो आणि आपल्यासारखाच माणूस तो सुचवू शकतो, हे मुलांना कळायला हवं.

निव्वळ धावगती हा छोटा विषय आहे, पण एक सापळा दाखवायला विसरू नका: १९.३ षटकं म्हणजे साडेएकोणीस, दशांशातले १९.३ नव्हेत. गणनयंत्रात थेट १९.३ टाकणारा प्रत्येक जण चुकतो.

टीआरपीसाठी आपल्याकडे म्हण तयारच आहे: शितावरून भाताची परीक्षा. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या घरात आणि बार्क या संस्थेची मोजणीयंत्रं २०२० च्या सुमारास ४४ हजार घरांत. म्हणजे एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने बोलतं. मुलांना हा नमुना फारच लहान वाटतो. पण नमुन्याची अचूकता त्याच्या आकारावर ठरते, देश किती मोठा यावर जवळपास नाही. ढवळलेल्या भाताचं पातेलं लहान असो वा पंगतीचं, चार शितं पुरतात. ढवळलेला असणं ही मात्र अट. आता एखाद्या वाहिनीला अर्धा टक्का घरंच पाहतात असं समजा. ४४ हजारांत ती २२० घरं झाली. त्यांत चाळीस-पन्नास घरांना कोणी फितवलं तर आकडा वीस टक्क्यांनी हलतो. लोकप्रिय मालिकेच्या आकड्याला तेवढ्याने ओरखडाही उठत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतल्या गैरप्रकारांचे आरोप झाल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. गाण्याच्या स्पर्धांतल्या संदेश-मतदानाची तुलना याच तासाला करा: तिथे नमुना कोणी निवडतच नाही, ज्याला वाटेल तो आणि वाटेल तितक्यांदा मत देतो.

बातम्यांतले स्तंभालेख पाहताना फक्त तळ पाहायला शिकवा. ५२ आणि ५५ हे आकडे पन्नासपासून सुरू होणाऱ्या आलेखात काढले की एक स्तंभ दुसऱ्याच्या अडीचपट दिसतो. एवढं पुरे.

शुद्ध गणिताची गोडी लावायची असेल तर 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला एक प्रसंग आहे. १९९५ च्या एका भागात पार्श्वभूमीवर समीकरण तरंगतं: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. साध्या गणनयंत्रावर बेरजेचं बारावं मूळ काढलं तर खरंच १९२२ दिसतं. पण फर्माचं शेवटचं प्रमेय म्हणतं की घात दोनपेक्षा मोठा असेल तर पूर्ण संख्यांत हे अशक्य आहे. खोटं कुठे आहे ते सहावीतलं मूलही दाखवू शकतं: सम संख्येचा घात सम, विषमचा विषम, दोन्हींची बेरीज विषम, आणि उजवीकडे १९२२ सम. समीकरण लिहिणाऱ्या डेव्हिड कोहेन यांनी पुढे १९९८ मध्ये सुधारित त्रिकूट दिलं: ३९८७, ४३६५, ४४७२. इथे सम-विषमची युक्ती चालत नाही. मुलांना झगडू द्या. अंकांची बेरीज केली की डावीकडच्या दोन्ही संख्या तीनने विभाज्य निघतात, उजवीकडची निघत नाही.

याच अंकबेरजेने शकुंतला देवींचा गुणाकार तपासता येतो. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९ यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला: १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०. पहिल्या संख्येचे अंक मिळवत गेलं की शेवटी ६ उरतो, दुसरीचा २, गुणाकार १२ म्हणजे ३. उत्तराचे अंक मिळवा: तिथेही ३. याने उत्तर सिद्ध होत नाही, फक्त ते या चाळणीतून पार पडतं; हा फरक मुलांकडून वदवून घ्या.

एक गोष्ट मात्र टाळा. बोधचिन्हांत, अभिनेत्यांच्या चेहऱ्यांत, प्रत्येक देवळात सुवर्ण गुणोत्तर (साधारण १.६१८) दाखवणारी चित्रं मोबाइलवर सारखी फिरतात. त्यांत रेषा कुठून कुठे मोजायची हे आधी ठरलेलंच नसतं. हवं ते गुणोत्तर येईपर्यंत टोकं सरकवली जातात. आणायचीच असतील तर चार गटांना वेगवेगळं मोजायला द्या आणि उत्तरं किती पसरतात ते फळ्यावर लिहा.

क्रम विचारलात तर: ९९.९ टक्क्यांपासून सुरुवात करा, त्याला घातांकांपलीकडे काही लागत नाही. हप्ते चक्रवाढव्याज झाल्यावर. करोडपतीला सलग दोन तास राखून ठेवा. १९९२ चा सामना वर्षाअखेर घ्या, तोवर मुलांना वाद घालायची सवय झालेली असते. एका सत्रात तीन-चारपेक्षा जास्त नकोत. चाचणीत जाहिरातीचा एक अर्धवट दावा देऊन दोन गुणांचा प्रश्न ठेवा: हा दावा तपासण्यासाठी तुम्हाला आणखी कोणता आकडा लागेल? हिशेब न करताही नेमका आकडा मागणाऱ्याला पूर्ण गुण द्या.